शिंगाचं पात्र

आमच्या घराण्यात पितरांना पाणी सोडायचं ते गेंड्याच्या शिंगाच्या पात्रातून. मी एकुलती लेक, आणि पाणी सोडायचा मान मुलाचाच; त्या शिंगाचा चिमूटभर कीस प्रयोगशाळेत नेला, तेव्हा अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. उरलेले गेंडे जवळच्या नात्यातच वीण होऊन खंगू नयेत, म्हणून आम्ही जनुकांवरून त्यांचे वेगवेगळे वंश शोधत होतो. शहाण्णवच्या आडी महिन्यात, पितरांच्या अमावास्येला निकाल घेऊन तिरुवैयारूला आले, तेव्हा अप्पा कावेरीत गुडघाभर पाण्यात तर्पण करत होते. “हा वंश वेगळाच निघाला, अप्पा. पण जिवंत गेंड्यांत तो कुठंच उरला नाही.” “म्हणजे त्यास पाणी द्यायला कोणी नाही?” अप्पांनी पात्रात पुन्हा तीळ टाकले आणि त्या गेंड्यासाठी तीनदा पाणी सोडलं. मग पात्र माझ्या हातात ठेवलं. “घेऊन जा तुझ्या प्रयोगशाळेत. माझ्यामागं मलाही कोणी नाही.”