सिनेमात नसलेली गाणी

पहिलं गाणं सुरू झालं तसा तपासनीस खुर्चीतून उठला आणि टीव्हीच्या मागे जाऊन वायरी बघून आला.

"हे गाणं या सिनेमात नाही," तो म्हणाला.

"नाही कसं? समोर चाललंय की," बायको म्हणाली.

"कोणीतरी मागाहून घुसडलंय."

घुसडलेलं हुडकून काढणं हा त्याचा पेशाच होता. बसमध्ये तिकिटं तपासायची नोकरी. सख्ख्या सासऱ्याचंही तिकीट त्याने एकदा उजेडाकडे धरून उलटसुलट बघितलं होतं; तेव्हापासून सासरा लेकीकडे पायी येतो. आणि हा सिनेमा तर त्याने लहानपणी बाबांचं बोट धरून दोनदा पाहिलेला. घोडे होते, दरोडा होता, पुलावरची मारामारी होती. गाणं मात्र औषधालाही नव्हतं. म्हणून तर तो त्याचा सगळ्यात लाडका सिनेमा. गाण्यांच्या सिनेमांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"माणूस चालता चालता गायला लागतो, आणि रस्त्यावरच्या पन्नास जणांना ते गाणं आधीच पाठ! हा कट नाही तर काय?"

"तुम्ही बसमध्ये चढलात की पन्नास जण एकदम शिव्या देतात. ते काय घरून पाठ करून येतात? मनातलं असलं की येतं आपोआप." बायको गाण्याच्या पक्षातली. ती पायाने ठेका धरून बसली होती. त्याची आई कोपऱ्यात मटार सोलत होती. ती कुठल्याच पक्षात नव्हती.

दुसरं गाणं आलं. घोडे पाणी प्यायला थांबले आणि दरोडेखोर नाचायला लागले.

तपासनीसाचा चेहरा हळूहळू बदलला. "घोडे पाण्यावर आले की बाबा म्हणायचे, चल, लघवीला जाऊन येऊ."

"आणि मघाशी, पहिल्या गाण्याला?"

"तेव्हाही."

"दर गाण्याला? बाबांना शुगर होती का?"

"त्यांना कुठे लागायची? मला न्यायचे. मला लागलेली नसली तरी."

बायको खो खो हसली. तो हसला नाही. कुठे पाणी मुरायला लागलं की भिंतीच्या आधी त्याच्या नाकाला ओल कळायची. बाबा म्हणजे गोदामातले कारकून; जन्मात एक ओळ गुणगुणले नाहीत. रेडिओवर गाणं लागलं की डास मारावा तसा रेडिओ बंद करायचे. सरळ माणूस गात नाही, हे त्याने त्यांच्याकडे बघूनच शिकून घेतलं होतं आणि त्यावर आपली अख्खी नोकरी उभी केली होती. मग असा सरळ माणूस अंधारातून पुन्हा पुन्हा बाहेर कशाला जाईल?

"बाहेर कोणीतरी येत असणार," त्याने निकाल दिला. "तिकीट खिडकीतली बाई. म्हणून तर मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे!"

"अहो, लघवी भिंतीकडेच तोंड करून करतात."

"तू गप्प बस. आई, खरं सांग, बाबांचं बाहेर काही होतं?"

आईने शेंगेचं पोट अंगठ्याने फोडलं. "सिनेमा बघ," ती म्हणाली.

तिसरं गाणं बाजारातलं. पुढे नायिका आणि मागे नाचणाऱ्यांच्या दोन रांगा, चकचकीत जाकिटं, टोप्यांत हातभर लांब पिसं. बायकोचा ठेका रंगात आला होता. तो मध्येच थांबला.

"अहो, मागच्या रांगेतला तो बघा. त्याला तुमचे कान कसे?"

त्याने रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि पडद्याला नाक लावलं. सुपासारखे कान. मधेच तुटलेली भुवई. एक पाय हवेत, हात शेजारच्या मुलीच्या हातात, मान जरा तिच्या बाजूला वळलेली. आणि हसू असं, की ते त्या घरात कधीच कोणी पाहिलं नव्हतं. तो परीक्षेत पास झाला तेव्हा नाही, त्याच्या लग्नात नाही, नातू झाला तेव्हाही नाही.

"हे बाबा नाहीत," तो म्हणाला. हे तिकीट चालणार नाही, असं तो ज्या आवाजात म्हणायचा त्याच आवाजात. पण तो आवाज पडद्यावर चालला नाही. तो खाली बसला.

"तुम्ही ओळखू नये म्हणून बाहेर न्यायचे," बायको हळूच म्हणाली.

"मग सिनेमाला नेलंच कशाला? तेही दोनदा?"

त्याला आठवलं, की बाहेर कोणी बाईबिई येत नसे. बाबा थिएटरच्या बंद दाराला पाठ लावून उभे राहायचे आणि बूट फरशीवर आपटायचे. त्याला वाटायचं, कंटाळले असतील.

तो आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

आईने मटारांचं ताट खाली ठेवलं, हात पुसले आणि त्याच्या हातातून रिमोट घेतला. चॅनेल बदलायला जी रोज सुनेला हाक मारायची, तिने न बघता दोन बटणं दाबली. चित्र मागे पळालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. रांगा आल्या, पिसं हलली, पाय उचलले गेले. नेमक्या जागी तिने बटण दाबलं. आता तो मागच्या रांगेतला माणूस सरळ समोर, खोलीकडे बघून हसत होता.

"इथे थांबवायचं," ती म्हणाली. "पुढे हे तिच्याकडे बघतात."