येऊ दे

सेन्सर पुन्हा कोकलायला लागला. अवधूतने ट्रक रिव्हर्समध्ये टाकायचा अवकाश, की त्याचं सुरू. मागे काही असो वा नसो.

"अरे, वाजतंय ते," गॅरेजच्या दाराशी उभी असलेली त्याची बायको गिरिजा म्हणाली.

"वाजू दे. बाइक रॅक बसवल्यापासून असंच आहे. त्याला रॅकच भिंत वाटते."

"मग दाखवून आण ना एकदा."

"काही झालेलं नाहीये त्याला." अवधूतने बटण दाबलं आणि सेन्सरचं तोंड बंद केलं.

मागच्या कॅमेऱ्याची तीच गत होती. दुमडून उभा केलेला रॅक नेमका त्याच्या डोळ्यासमोर यायचा आणि पडद्यावर काळ्या नळ्यांशिवाय काही दिसायचं नाही. दोन सायकली मिरवायच्या हौसेपायी एवढी महागाची गाडी मागून आंधळी झाली होती. रॅक काढायला पाने-बिने शोधावे लागले असते, आणि आता तेवढा वेळ नव्हता. टेक्सासमधल्या प्लेनोचं आकाश शेवाळी दिसायला लागलं होतं. घरातल्या सगळ्या फोनवर गारांचा इशारा येऊन गेला होता. गाडी आत घालायलाच हवी होती, आणि तीही उलटी, कारण सरळ घातली की वॉटर हीटर आडवा येऊन ड्रायव्हरचं दार उघडायचं नाही. रॅकसकट गाडी गॅरेजात मावायची, पण कशीबशी.

"मी आहे ना मागे," अवधूतचे वडील म्हणाले. "तू घे टेम्पो."

मुलाच्या ट्रकला अण्णा पहिल्या दिवसापासून टेम्पोच म्हणत. ते गॅरेजच्या आत गेले आणि मागच्या भिंतीला लावलेल्या फ्रीझरपुढे उभे राहिले. गाडी मागे घ्यायची तर पाठीमागे माणूस हवा, हा त्यांचा जुना नेम. येऊ दे, येऊ दे म्हणत गाडी आणायची, आणि जागा संपली की "बस" म्हणून पत्र्यावर दोन थापा मारायच्या. त्या दोन थापांवर अवधूतचा लहानपणापासून आंधळा विश्वास होता.

गिरिजा खिडकीशी आली. तिने आवाज खाली आणला. "अण्णांना नको उभं करूस. सकाळी चमचा मागायला आले तर शब्दच आठवेना त्यांना. हाताने ढवळून दाखवलं."

"वय झालंय. मीपण विसरतो शब्द."

"अवधूत, गुरुवारी त्यांना एकट्यांना कराडला पाठवायचं मला पटत नाहीये. आधी डॉक्टरला दाखवू या, प्लीज."

"तुझं रोजचंच झालंय हे." तो आता चिडला होता. "ठणठणीत आहेत ते. कुंड्या आत घे, जा. गारा येतील."

ती परसात गेली. अवधूतने खिडकी उघडीच ठेवली आणि ब्रेकवरचा पाय हलका केला.

"येऊ दे," मागून अण्णांचा आवाज आला. खणखणीत. "येऊ दे, येऊ दे."

बघ म्हणावं, अवधूतला वाटलं. ऐक म्हणावं हा आवाज.

पहिली गार टपावर टणकन आपटली. मग दुसरी. मग एकदम मूठभर खडे कुणी भिरकावावेत तशा बॉनेटवर ताडताड आल्या. ट्रक नवा होता.

"अण्णा, आहे का जागा?"

"येऊ दे."

त्याने गाडी आणखी मागे घेतली. आरशात दोन्हीकडच्या भिंती दिसत होत्या, अण्णा दिसत नव्हते.

"येऊ दे, येऊ दे." आवाज आता भरभर येत होता, आणि बारीक. घाई करतायत, त्याला वाटलं. गारा पाहून घाई करतायत. "येऊ दे येऊ दे येऊ दे."

ताडताड थांबली. समोर ड्राइव्हवेवर गारा उड्या मारत होत्या, पण बॉनेटवर आता एकही पडत नव्हती. नाक आत आलं होतं. चला, सुटलो, असं तो म्हणणार तोच त्याच्या लक्षात आलं. नाक आत आलं असेल, तर मागे जागा उरलीच कुठे?

मागून आवाज आला, "येऊ दे."

त्याने ब्रेकवर पाय दाबला तो गुडघ्यापर्यंत कळ येईल असा. गाडी पार्कमध्ये टाकून तो भिंतीला घासत मागे धावला.

अण्णांची पाठ फ्रीझरला टेकली होती. रॅकची नळी पोटात रुतली होती आणि दोन्ही तळव्यांनी ते ती मागे रेटत होते. तोंडाने अजून, अगदी हळू, "येऊ दे" चाललं होतं. डोळे मात्र भलतंच सांगत होते.

अवधूत धावत परत गेला आणि त्याने ट्रक सरळ बाहेर काढला. गारा पुन्हा बॉनेटवर बडवायला लागल्या. काचेला तडा गेलेला त्याने पाहिला, आणि तसाच उतरला.

अण्णा शर्टाच्या सुरकुत्या सारख्या करत होते. लागलं नव्हतं. चूक झालेल्या पोरासारखे ते ओशाळून हसले.

"अवधूत, ते काय म्हणतात रे?" त्यांनी विचारलं. "गाडी उभी करायची असली की?"

परसातून आलेली गिरिजा दारात कुंडी धरून उभी होती. तिच्याकडे बघायची अवधूतला हिंमत झाली नाही.

"बस," तो म्हणाला. "बस, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली, आणि बाजूच्या रंगाच्या डब्यावर ते मुकाट्याने बसले.