कुलपातला गोंद

किल्ली अर्धी आत गेली आणि अडली. सासूबाईंनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा अर्धीच. काल संध्याकाळी याच किल्लीनं त्यांनी मोटारसायकल बंद केली होती. आता साडेनऊ वाजले होते आणि दहाला त्यांना आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडायचं होतं.

समोरचा गॅरेजवाला हात पुसत आला. चोरानंच काहीतरी खुपसलंय, असं त्यानं एका नजरेत ठरवून टाकलं. नवीन कुलूप यायला चार दिवस लागतील. नाहीतर हे फोडून तारा जोडून देतो, किल्लीची कटकटच नको, असंही सुचवलं. सासूबाईंना ते पटेना. तारा जोडलेली गाडी म्हणजे दार नसलेलं घर. त्यांनी वाकून कुलपाचं तोंड पाहिलं. कुठं ओरखडा नव्हता, पेचकसाचा घाव नव्हता. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, की तू कुलूप सोडवून दे, पुढचं मी बघते. घड्याळाच्या पोटात हात घालणाऱ्या बाईला कुलूप काय जड, असं म्हणत त्यानं ते उतरवून दिलं.

जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरून सासूबाई बसल्या. चिमटा, बारीक पेचकस, जुना टूथब्रश, सगळं हाताशी होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. किल्लीच्या फटीत खोलवर पांढुरका पापुद्रा चमकत होता. वाळलेल्या गोंदाचा असला पापुद्रा त्यांच्या रोजच्या ओळखीचा. घड्याळाची काच फुटली की लोक घरीच चिकटवाचिकटवी करतात आणि मग दुकानात येतात. चोर येतो तो कुलूप उघडायला. इथं कुणीतरी ते बंद करायला आलं होतं.

भिंग तसंच ठेवून त्या विचार करत राहिल्या. तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून आली आणि फडक्याच्या कडेला एक बाटली ठेवून उभी राहिली. नेलपॉलिश काढायचं पाणी, ज्यानं वाळलेला गोंदही सुटतो.

सासूबाईंनी अजून गोंदाचं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोर स्वतःच कंदील घेऊन आला होता.

"बस," त्या म्हणाल्या.

सून बसली. एरवी हिच्या तोंडाला उसंत नसायची, आज मान वर होईना. सासूबाईंनी फटीत दोन थेंब सोडले आणि वाट पाहू लागल्या. घाई केली तर आतल्या पट्ट्या वाकतात. माणसांचंही तसंच असतं, म्हणून त्यांनी काही विचारलं नाही.

"गेल्या महिन्यात तुम्ही गाडीवरून पडलात," सून शेवटी म्हणाली, "तेव्हा म्हणालात, वळणावर खडी होती. मी दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन आले, आई. तिथं खडी नव्हती."

सासूबाईंचा हात थांबला. ही पोरगी पायी जाऊन रस्ता तपासून आली आणि महिनाभर मूग गिळून बसली. गुडघ्याची पट्टी रोज हिनंच बदलली होती, एक प्रश्न न विचारता.

"मग विचारायचंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

नसतं सांगितलं. सासूबाईंना ते क्षणात कळलं आणि स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या घड्याळात केसाएवढी चूक असली तरी त्या तोंडावर सांगत. स्वतःचं मात्र झाकून ठेवलं होतं.

"चक्कर आली होती," त्या म्हणाल्या. "त्याआधीही एकदा."

सून रडली नाही. तिनं टूथब्रश हातात घेतला.

त्यानंतर दोघी कामाला लागल्या. गोंद मऊ झाला, किल्ली फिरली, आतली दांडी बाहेर आली. सात पितळी पट्ट्या, सात इवल्या स्प्रिंगा. सासूबाई चिमट्यानं एकेक पट्टी काढून देत होत्या आणि सून ब्रशनं घासून क्रमानं मांडत होती. एक स्प्रिंग उडून खाली पडली तेव्हा दोघीही टेबलाखाली शिरल्या, डोक्यावर डोकं आपटलं, आणि सून सकाळपासून पहिल्यांदा हसली. कुलपात तेल घातलं तर धूळ धरतं. म्हणून सासूबाईंनी पेन्सिलीचं टोक खरवडून ती काळी पूड आत फुंकली. किल्ली लोण्यात सुरी जावी तशी गेली.

गॅरेजवाल्यानं कुलूप बसवून दिलं. सासूबाई सीटवर बसल्या, किल्ली फिरवली. दिवा लागला. बटण दाबताच इंजिन धडधडू लागलं. सून दाराची चौकट धरून उभी होती. जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. सासूबाई मान कलती करून, घड्याळ कानाला लावावं तशा, थोडा वेळ तो आवाज ऐकत राहिल्या. आवाज चोख होता.

मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली. अंगण शांत झालं.

"जायचंच नव्हतं तर एवढा खटाटोप कशाला, काकू?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"बंदच ठेवायची तर किल्लीनं बंद ठेवावी," सासूबाई सुनेकडे बघत म्हणाल्या. किल्ली त्यांनी स्वतःच्याच पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "चप्पल घाल. डॉक्टरांकडे चालत जाऊ."