लाल दोऱ्याची बासरी

घिवलीचा नाखवा एकनाथ वारला, तेव्हा माणसाची लाडकी वस्तू त्याच्यासोबत द्यावी म्हणून बायकोने, येसूबाईने, त्याच्या दोन बासऱ्यांपैकी लाल दोरा गुंडाळलेली तिरडीवर ठेवली. दुसरी मुलीसाठी, पुष्पलतासाठी, राखली. वर्षभराने, १९६६च्या नाताळात, वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या लोकांनी चर्चमध्ये मैफल ठेवली. तिथे ऑर्गनसोबत बासरी वाजवणाऱ्या बापाच्या जागी आता पुष्पलता वाजवणार होती. पाईप ऑर्गनची दुरुस्ती त्याच दिवशी उरकल्यामुळे तालीम झालीच नव्हती. ऑर्गनवर बसलेल्या फादरनी तिची बासरी पाहिली. “लाल दोऱ्याची कुठंय? ऑर्गनचा सूर बदलत नाही, म्हणून एकनाथने इथे बसून त्याच्या सुराला जुळवून ती बनवली होती. तुझ्यासाठी.” बाकावर बसलेली येसूबाई अर्धवट उठली. पुष्पलताने आईकडे पाहिलंही नाही. “माज्याकडून हरवली, फादर.” ती आईशेजारी येऊन बसली. ऑर्गन एकटाच वाजला. बासरीच्या जागा फादरनी मोकळ्या सोडल्या. ज्या हाताने तिरडीवर बासरी ठेवली होती, तो पुष्पलताने शेवटपर्यंत धरून ठेवला.