मोबाइलमधली धवलेरी

"मेलेल्या बाईच्या आवाजावर लगीन लागतं का कुठं?" म्हातारा कारभारी मांडवात गरजला.

वारल्यांचं लग्न धवलेरीने गाऊन लावायचं असतं. पाड्यावरची शेवटची धवलेरी म्हणजे मांडवातच बसलेल्या लाडक्याची बायको. ती पावसाळ्यात गेली आणि तिचं गाणं कुणीच शिकलं नव्हतं.

"मग काय डीजेला गायला लावू?" नवरीचा भाऊ म्हणाला. "काकीचं गाणं मोबाइलमध्ये आहे. काका, तूच सांग."

ती गेल्यापासून लाडक्याने तिचा आवाज ऐकला नव्हता. "लाव," तो म्हणाला.

स्पीकरवर ती देवीला बोलावू लागली. मध्येच खोकला आला, गाणं थांबलं. "जरा पानी दे रं," ती म्हणाली.

लाडक्या लगबगीने उठला. तो रांजणापाशी पोचेपर्यंत, रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानेच दिलेलं पाणी पिऊन ती पुढे गाऊ लागली होती.