तारी दाजींचा नकार

‘सगळं सुधारा’ हे बटण दाबलं आणि मृणालिनीला आपली चूक कळली. गेमच्या फाइलींवर शुद्धलेखन तपासनीस चालवण्याआधी गेममध्ये जतन केलेल्या, वारलेल्या माणसांचं बोलणं ‘हात लावू नये’ या खुणांमध्ये बंद करायचं, हा तिच्या ऑफिसातला पहिला धडा. आज ती नेमकी होडीवाल्या तारी दाजींना विसरली होती. माणसाची दुसरी प्रत ठेवायला कायद्याने बंदी, त्यामुळे जुने दाजी परत आणायची सोयच नव्हती.

आणि त्यांची मुलगी सुलक्षणा समोर येऊन बसलीसुद्धा. दर शनिवारी ती गेममधल्या होडीत बसून वडिलांशी बोलायची.

“करा ना सुरू, मॅडम.”

मृणालिनीने गेम सुरू केला. आता दाजी पाठ्यपुस्तकासारखे बोलणार!

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने लेकीला पाहून वल्हं थांबवलं. “इलंस गो चेडवा? जेवलंस काय?”

सुलक्षणा खुदकन हसली. मृणालिनीचा जीव भांड्यात पडला. मग तिने हळूच तपासनिसाचा अहवाल उघडला.

‘सुचवलेल्या दुरुस्त्या: चारशे बारा. केलेल्या: शून्य. नाकारणारे: स्वतः दाजी. कारण: चेडू माका वळखूचा नाय.’