क्षमेचा कप्पा

“बघ, काय न्हाय,” तात्यासो म्हणाले. पडद्यावर खरंच तसं होतं. त्यांच्या मुलीनं, आदितीनं, शोधायच्या चौकटीत ‘जाळी’ असा शब्द टाकला होता आणि खाली ‘काही सापडले नाही’ असं आलं होतं. “ह्याचंच प्रिंट काढ. उद्या वकिलांना देतो.”

उद्या कामगार न्यायालयात तारीख होती. दिवाळीआधी तात्यासोंच्या कारखान्यातल्या कामगाराची, ज्ञानूची, उजव्या हाताची चार बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली होती. हात आत जाऊ नये म्हणून प्रेससमोर असलेली जाळी मोडलीय हे आपल्याला कुणी कधी कळवलंच नाही, असं तात्यासो शपथेवर सांगणार होते. ते मान्य झालं की ज्ञानूचा निष्काळजीपणा ठरणार आणि त्याच्या हाती काही लागणार नाही. तात्यासो खोटं बोलत नव्हते. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं, आणि भीती वाटावी ती त्याचीच.

“तात्या, ह्यानं मेल बघितलेच न्हाईत,” आदिती म्हणाली.

उद्यमनगरातल्या त्या ऑफिसात वीस वर्षं एकच मेल प्रोग्राम होता. तो बदलायला तात्यासो तयार नव्हते. त्याचे सगळे मेल एकाच भल्यामोठ्या फायलीत साठायचे, आणि शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फाईल वाचताच यायची नाही. न वाचताच ते ‘काही सापडले नाही’ असं छातीठोकपणे सांगायचं. माणसंही असं करतात, पण त्यांना निदान घाम फुटतो.

“मग ऱ्हाऊ दे की. मशीन सांगतंय तेवढं बास हाय.”

“दहा मिनटं थांबा.”

तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोठ्या फायलीतला एकेक मेल सुटा होऊन साध्या मजकुराच्या रूपात एका फोल्डरमध्ये पडू लागला. शोधायचं ते इथं शोध, असं तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. चार हजार. अकरा हजार. तात्यासोंचा चहा हातातच निवला.

“आता बास कर, आदिती,” ते म्हणाले. कशाला म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

एकोणीस हजारांवर आकडा थांबला. तिनं पुन्हा ‘जाळी’ टाकलं. तीन मेल निघाले. तिन्ही ज्ञानूचे, तिन्ही ‘उत्तम क्षमा’ या कप्प्यातले.

जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की तात्यासो गिऱ्हाइकांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांना एकच मेल धाडायचे: कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. उत्तरं शेकड्यांनी यायची. कामाच्या मेलमध्ये ती मिसळू नयेत म्हणून आपोआप वेगळ्या कप्प्यात जातील, अशी सोय आदितीनंच करून दिली होती. तो कप्पा कुणी उघडत नसे. सुपरवायझरला तोंडी सांगितलं की तो म्हणे, मालकांना लेखी दे. मालकांचं वर्षातून एकच पत्र यायचं. ज्ञानूनं त्यालाच उत्तर दिलं.

पहिल्या वर्षी: ‘साहेब, उत्तम क्षमा. प्रेसची जाळी मोडली आहे, बसवून द्यावी.’ दुसऱ्या वर्षी: ‘जाळीचं बघा. मागं पण लिहिलं होतं.’ तिसरा या भाद्रपदातला: ‘साहेब, तुम्ही दरवर्षी क्षमा मागता. मी दरवर्षी जाळी मागतोय.’

तात्यासोंनी तो दोनदा वाचला. मग दाराकडं बघून हळूच विचारलं, “पुसता येतंय ह्ये?”

आदितीला वडिलांची लाज वाटली, आणि स्वतःचीही. तिनंच उलट विचारलं.

“जाळी बसवलीय न्हवं आता?”

“निकाल लागंस्तवर हात लावू नका म्हणालेत वकील. बसवली तर चूक कबूल केल्यासारखं हुतंय.”

“मग प्रेसवर आज कोण हाय?”

“सम्राट. ज्ञानूचा धाकटा भाऊ. मीच लावलाय सोमवारी. त्यांचं घर चालाय पायजे म्हणून...”

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. तात्यासो अनवाणीच धावले, सत्तरीच्या माणसाला धावता येईल तेवढं. ते अंगणात पोचायच्या आत प्रेस सुरू झाली.